उघड्या पत्राची झाकली मूठ

आमच्या सासूबाईंचा पत्रव्यवहाराचा कायदा दोन कलमांचा आहे. कलम पहिलं : दुसऱ्याचं पाकीट फोडू नये. कलम दुसरं : दुसऱ्याचं कार्ड वाचलं तर चालतं, पण वाचलंय असं तोंडावर दिसू देऊ नये.

हे दुसरं कलम त्यांना सासरच्या गावातल्या पोस्टमनने शिकवलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा वाड्यात तेरा माणसं होती आणि आठवड्याला सात-आठ कार्डं यायची. खंडूमामा ती सगळी पेठेतून चालता चालता वाचून काढत. पण दारात आल्यावर चकार शब्द नाही. "वहिनी, जरा चहा टाका," म्हणाले की समजायचं, कुणाला तरी नोकरी लागली किंवा मुलगा झाला. नुसतं पाणी मागितलं की काहीतरी काळजीचं. आणि कोपरा फाडलेलं कार्ड असलं तर ते चहाही मागत नसत, पाणीही नाही. ओसरीवर टेकायचे आणि म्हणायचे, "घरात कुणी पुरुषमाणूस आहे का?"

हे सगळं आठवायचं कारण असं, की वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी अनोळखी माणसांना पोस्टकार्डं पाठवायला लागले आहे, आणि त्यात पहिल्याच महिन्यात सासूबाईंच्या कायद्याचं दुसरं कलम मी असं काही मोडलं, की त्याचे तुकडे अजून सापडतायत.

आमच्या मुक्ताने माझं नाव पोस्टक्रॉसिंगमध्ये घातलं. "आई, तू दिवसभर फोनवर रांगोळ्या बघतेस, त्यापेक्षा हे कर." पाउलो मागाल्याइश नावाच्या पोर्तुगीज तरुणाने २००५ साली हा उद्योग सुरू केला. तुम्ही पत्ता मागायचा. यंत्र जगातल्या कुठल्या तरी कोपऱ्यातल्या माणसाचा पत्ता आणि एक क्रमांक देतं. तो क्रमांक लिहून कार्ड पाठवायचं. ते पोचलं, तिकडच्या माणसाने क्रमांक नोंदवला, की तुमचं नाव पुढे सरकतं आणि तिसऱ्याच कुणीतरी तुम्हाला कार्ड धाडतं. म्हणजे ज्याला पाठवलं त्याच्याकडून उत्तर नाही, आणि ज्याच्याकडून आलं त्याला आपण कधी लिहिलेलं नाही. हळदीकुंकवाला एकीकडे वाण देऊन दुसरीकडून घेऊन यावं, तसंच. २०१९ सालापर्यंत अशी पाच कोटी कार्डं पोचली होती. नवशिक्याला एका वेळी पाचच पाठवता येतात. हे बरं आहे, नाहीतर आपली माणसं पहिल्याच दिवशी पत्रिका वाटल्यासारखी अडीचशे पत्ते मागतील.

माझं पहिलं कार्ड आलं फिनलंडहून. इंगे ल्योक या तिकडच्या चित्रकर्तीच्या दोन म्हाताऱ्या पोस्टकार्डवाल्यांच्या जगात फार लाडक्या आहेत. वय विसरून हुंदडणाऱ्या, खिदळणाऱ्या. माझ्या कार्डावर त्या बर्फात खेळत होत्या. सासूबाईंनी चष्मा लावून कार्ड बघितलं आणि दोघींपैकी सडपातळ ती आपण आणि जाड ती जाऊबाई, असा निकाल परस्पर देऊन टाकला.

मी आनंदाने वेडी झाले. कार्डाचा फोटो काढला. पालथं केलं, मागचाही काढला. आणि दोन्ही फोटो आमच्या 'गोतावळा' या सत्तेचाळीस माणसांच्या ग्रुपवर टाकले.

मागच्या बाजूला काय लिहिलं होतं ते मी तोवर नीट वाचलंही नव्हतं. अक्षर बारीक, इंग्रजी साधं. त्या बाईंनी लिहिलं होतं की वसंतात त्यांचा घटस्फोट झाला. रात्री झोप येत नाही. उन्हाळ्यात तिकडे रात्री अंधारच पडत नाही, म्हणून त्या उठून तळ्याकाठी जाऊन बसतात. आणि शेवटी : हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे, कारण आपण कधी भेटणार नाही.

माझं वाचून होईपर्यंत ग्रुपवर एकवीस प्रतिक्रिया आल्या होत्या. आत्याबाईंनी सांगितलं, झोपताना दुधात जायफळ उगाळून घ्यायला सांग. नानाकाकांनी विचारलं, मुलंबाळं आहेत का? भाऊजींनी फिनलंडच्या लोकसंख्येची माहिती चिकटवली. एका चुलत नणंदेने हात जोडलेले सहा पंजे पाठवले. आणि सांगलीच्या मामेसासऱ्यांनी, ज्यांचा पुतण्या स्टॉकहोमला असतो, एकच ओळ लिहिली : "वय काय आहे?"

मी घाईघाईने दोन्ही फोटो सगळ्यांसाठी काढून टाकले. त्यावर लगेच प्रश्न आला : "काय काढलंस? काही विशेष होतं का?" म्हणजे ज्यांनी बघितलं नव्हतं, त्यांनी ज्यांनी बघितलं होतं त्यांच्याकडून मागवून घेतलं.

आठ दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. "बघा हो," त्या फोन पुढे करत म्हणाल्या, "आमच्या योगाच्या ग्रुपवर आलंय. परदेशातसुद्धा बायका रात्र-रात्र जाग्या असतात." त्यांच्या फोनवर माझं कार्ड होतं. अंगठ्याच्या सावलीसकट. अंगठा माझाच.

अनोळखी माणसाला मनातलं सांगणं म्हणजे विहिरीत तोंड घालून बोलणं. बोलणाऱ्याला मोकळं वाटतं आणि विहीर कुणाला सांगत नाही. त्या बिचारीने विहीर म्हणून मला निवडलं, आणि मी विहिरीला लाऊडस्पीकर लावला.

त्या रात्री मुक्ताने फोनवर माझी शिकवणी घेतली. कार्डांचे फोटो दाखवायला हरकत नाही, दाखवतातच. पोस्टक्रॉसिंगवर प्रत्येकाची एक भिंत असते, तिथे आलेली-गेलेली कार्डं टांगतात. लग्नाच्या रुखवतासारखं. पण रुखवताची म्हणून एक रीत असते. "चित्राची बाजू दाखवायची, मजकुराची नाही. पत्ता तर कधीच नाही. नाव नको. कार्ड पोचून नोंद होईपर्यंत क्रमांकही दाखवू नये. मजकूर फारच आवडला तर लिहिणाऱ्याला विचारायचं. आणि चित्र कुणाचं ते माहीत असेल तर त्यांचं नाव लिही. कार्ड तू विकत घेतलंस किंवा तुला मिळालं, म्हणजे चित्र तुझं झालं नाही."

"मग इतकं सगळं झाकायचं तर कार्ड कशाला? पाकीटच पाठवावं."

"आई, पाकीट चालतं, पण पुष्कळांना कार्ड उघडंच हवं असतं. त्यावरच तिकीट, त्यावरच शिक्का."

उघडंच हवं आणि झाकायचंही. मी हा तिढा सासूबाईंपुढे ठेवला. त्या शेंगा सोलत होत्या. "त्यात काय?" त्या म्हणाल्या. "दार उघडं असतं म्हणून कुणी स्वयंपाकघरात येतं का?"

कार्डाचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली, यावर मात्र आमचं एकमत होईना. सासूबाईंच्या लेखी कार्ड म्हणजे पिवळं, सरकारी, पन्नास पैशांचं. त्याला चित्रच नाही, त्यामुळे 'श्री' लिहिलेली बाजू तेच तोंड. पोस्टक्रॉसिंगवाल्यांच्या लेखी चित्र हे तोंड आणि मजकूर ही पाठ. दाखवायचं ते तोंड. पाठ दिसली तरी दिसली नाही असं करायचं. जुन्या चित्रकार्डांना ही सोय नव्हती. मागच्या बाजूला फक्त पत्ता, असा टपालाचा दंडक होता, त्यामुळे जे काय लिहायचं ते चित्राच्या कडेने, नाहीतर चित्रावरच. चर्चच्या मनोऱ्याला वळसा घालून 'सर्दी बरी आहे'. १९०२ साली ब्रिटनने मागची बाजू उभी दुभागून अर्ध्यात मजकुराला परवानगी दिली, मग बाकीचे देशही त्या वाटेने गेले आणि मनोरा मोकळा झाला. आज आपण फक्त चित्राची बाजू साळसूदपणे दाखवू शकतो, ती त्या उभ्या रेघेची कृपा.

मुळात कार्ड जन्माला आलं तेव्हाही रडारड हीच होती. एमानुएल हेर्मान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने हिशेब मांडला की दोन ओळींच्या निरोपाला कागद, पाकीट आणि पूर्ण टपालहशील हा निव्वळ अपव्यय आहे. त्यावरून १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीने पहिलं पोस्टकार्ड काढलं. प्रतिष्ठितांनी नाकं मुरडली : घरातले नोकर वाचतील! टपालखात्यानेही हात झटकले. त्या पहिल्या कार्डांवर तळाला छापलेलंच असे, की मजकुराची जबाबदारी टपालाची नाही. हे वाक्य आमच्या 'गोतावळा'च्या कपाळी छापायला हवं. आपल्याकडे कार्ड आलं १ जुलै १८७९ ला, पाव आण्याला. आपल्याकडे नोकरांनी वाचण्याची भीती कमी होती. आपल्याकडे वाचायला घरचीच माणसं पुरेशी होती.

म्हणून उघड्यावर झाकायच्या युक्त्या निघाल्या. युरोपात प्रेमिकांनी तिकिटाची भाषा काढली. तिकीट तिरकं लावलं तर एक अर्थ, उलटं लावलं तर दुसरा. पोस्टमास्तरला वाटायचं, माणूस वेंधळा आहे. आपल्याकडे कोपऱ्याला हळदकुंकू लागलं की शुभ, कोपरा फाटला की अशुभ. न वाचताच बातमी कळे आणि वाचून झाल्यावर ते कार्ड घरात ठेवत नसत. बाकीची जात तारेला. सासूबाईंच्या माहेरी माजघरात आकडा वळवलेली तार होती, तिला दहा वर्षांची कार्डं ओवलेली. येणारा-जाणारा हात पुसता पुसता एखादं वाचून जाई. पण तार माजघरात होती, हे महत्त्वाचं. चावडीवर नव्हती.

एवढं ज्ञान झाल्यावर मी सुधारले आणि सुधारलेल्या माणसासारखी दुसऱ्यांच्या चुका बघायला लागले.

पहिली जात उतावळ्यांची. कार्ड पेटीत पडायच्या आधी त्याचा फोटो जगाला दाखवतात. ज्याला ते जायचंय त्याने महिनाभर आधी बघून ठेवलेलं असतं, मग ते प्रत्यक्ष आल्यावर तो आश्चर्य कशाचं करणार? बाळंतिणीला कळा यायच्या आधी बारशाचे पेढे.

दुसरी जात सजावटवाल्यांची. कार्ड एकटं कधी दिसत नाही. शेजारी कॉफीचा कप, वाळलेलं फूल, लोकरीचा गुंडा, आणि एका कोपऱ्यात मुद्दाम झोपवलेलं मांजर. कार्ड कुठल्या देशाचं हे कळायला मांजर उठेपर्यंत थांबावं लागतं.

तिसरी जात हिशेबनिसांची. किती दिवस, किती किलोमीटर. "जपान, अकरा दिवस. बेलारूस, चाळीस." कार्डावर काय आहे विचारलं तर बघून सांगतो म्हणतात.

आणि चौथी जात नाराजांची. आपल्या ओळखपानावर काय आवडतं हे लिहायची सोय असते. कुणाला दीपगृहं, कुणाला घुबडं, कुणाला नकाशे. जपानात काही कार्डं त्या-त्या प्रांताच्या पोस्टातच मिळतात, त्या प्रांताच्या खास वस्तूच्या आकारात कापलेली. कुणाला तीच हवी असतात. आवड लिहावी. पण आलेल्या कार्डाचा फोटो टाकून खाली 'पुन्हा सूर्यास्त' किंवा 'मी दीपगृह मागितलं होतं' लिहिणं म्हणजे ओटीत आलेला ब्लाऊजपीस मांडवात उभं राहून उजेडाकडे धरून बघणं. ब्लाऊजपीस विरळ आहे हे सगळ्या बायकांना माहीत असतं. तरी शतकानुशतकं आपण "अय्या, कशाला एवढं!" म्हणतो आणि घरी जाऊन पुढच्या ओटीसाठी वेगळा काढून ठेवतो. संस्कृती म्हणतात ती याच्यापेक्षा फार वेगळी नसावी.

पाचवी एक जात आहे, तिच्यात मी स्वतः मोडते. पाठवून वाट बघणारी. कार्ड पोचल्याचा निरोप येतो, त्याने इतकं बरं वाटतं की विचारू नका. मग आपण दिवसातून चार वेळा जाऊन बघतो, त्यांनी आपल्या कार्डाचं चित्र भिंतीवर लावलं का? आपलं लावलं नाही, त्याच दिवशी आलेलं तैवानचं मात्र लावलं, असं दिसलं की लग्नाच्या अल्बममध्ये आपण सोडून सगळे आहेत हे कळल्यावर होतं तसं होतं. फोटो न लावणं हा गुन्हा नाही, हे मुक्ताने मला तीनदा सांगितलं आहे. माणसं कामात असतात, आजारी असतात, काहींना फोटोचा कंटाळा. पत्ता लिहून दिला म्हणजे फोटोचा करार झाला, असं नाही. पटतं मला. तरी त्या तैवानच्या कार्डात एवढं काय होतं, हा प्रश्न उरतोच.

असे दोन महिने गेले. मग माझी चूक माझ्याच दारात आली.

झालं असं, की अगदी पहिल्या पाचातलं एक कार्ड मी जर्मनीतल्या एका निवृत्त बाईंना पाठवलं होतं. चित्र पंढरीच्या वाटेवरच्या वारीचं. तेव्हा मला नियम माहीत नव्हते. आपण घरी येणाऱ्याला "बसा" म्हणतो त्याच सहजपणे मी मागे लिहिलं, की तुम्ही भारतात आलात तर हॉटेलात मुळीच उतरू नका. आमच्याकडे या. आणि नुसतं या म्हणायचं बरं दिसत नाही, म्हणून खाली पूर्ण पत्ता : इमारत, मजला, 'मारुतीच्या देवळामागे', आणि फोन नंबर. माझा लागला नाही तर म्हणून यांचाही. जागा उरली तिथे लिहिलं, सासूबाई पुरणपोळी करतात. साठ दिवसांत पोचलं नाही तर कार्डाची मुदत संपते. हे सत्तावन्नाव्या दिवशी पोचलं.

संध्याकाळी निरोप आला. बाईंनी लिहिलं होतं : चित्र भिंतीवर लावलं आहे. पण मागचा मजकूर मला चित्रापेक्षा आवडला. पुढच्या आठवड्यात आमच्या वाचनालयात आम्ही काही जण आपापली कार्डं एकमेकांना दाखवणार आहोत. तुझं दाखवू का? अशा पद्धतीने दाखवीन. नको असेल तर नको सांग, मी वाईट वाटून घेणार नाही.

सोबत एक फोटो होता. माझं कार्ड, पाठ वर. माझं ते इंग्रजी, ज्यात पाहुण्यासाठीच्या 'गेस्ट' शब्दाच्या जागी भुतासाठीचा 'घोस्ट' पडला होता आणि मी पाहुण्यांऐवजी भुतांना आग्रहाने जेवायला बोलावलं होतं. आणि खाली, पत्ता आणि दोन्ही फोन नंबर जिथे होते तिथे, बाईंनी एक वाळकं पान ठेवलं होतं. पिवळं झालेलं, शिरा दिसणारं. असं बेतून ठेवलं होतं की 'सासूबाई पुरणपोळी करतात' हे पानाच्या टोकाशी बरोबर मोकळं राहिलं होतं.

मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला. हे त्या आता माझ्यापेक्षा चांगलं करतात.

"पानाखाली काय आहे?"

"आपला पत्ता. आणि फोन नंबर."

"तिने वाचला असणार."

"वाचणारच की, आई. तिलाच लिहिला होता."

"तसं नव्हे." त्या थोडा वेळ बघत राहिल्या. "वाचून झाकलाय. खंडूमामा चहा मागायचे तसं आहे हे."

मग फोन परत देताना म्हणाल्या, "दाखव म्हणावं तिला. आणि पुरणपोळीची कृती हवी असली तर विचार."

मी लगेच होकार कळवला. भुतांचीही दुरुस्ती कळवली. बाईंचं उत्तर आलं, ती चूक त्यांच्या लक्षात आली होती, पण बोलायचं कारण वाटलं नव्हतं. म्हणजे दुसरं कलम जर्मनीतही लागू आहे.

तोवर सासूबाईंना उत्साह चढला होता. "अगं, ते पानाचं चित्र आपल्या ग्रुपवर टाक. आत्याबाईंना बघू दे, परदेशातल्या माणसांची रीत."

मी फोटो निवडला, ग्रुप उघडला. तेवढ्यात त्या शेंगांच्या परातीतून मान वर करून म्हणाल्या, "विचारलंस का तिला?"

"काय विचारायचं? कार्ड माझं, अक्षर माझं, पत्ता माझा."

"पान तिचं आहे."

मी ग्रुप बंद केला आणि जर्मनीला दुसरा निरोप लिहिला, की माझ्याच हस्ताक्षराचा तुम्ही काढलेला फोटो मी माझ्याच घरच्यांना दाखवू का? उत्तर लगेच आलं नाही. 'गोतावळा'वर मी काहीतरी टाकणार आहे हे आत्याबाईंना मात्र सासूबाईंकडून कळलेलं आहे. त्यांनी आत्तापर्यंत दोनदा विचारलं, "काय गं, काही विशेष आहे का?"

मी लिहिलं, "काही नाही, आत्याबाई. जरा चहा टाकतेय."